बत्तीस टक्के हवेसाठी अर्ज

मु. भाटघर, ता. भोर, जि. पुणे
१३ जानेवारी २०२५

प्रति,
मा. मुख्य प्रशिक्षक,
सागरतळ पाणबुडी शाळा, मालवण

विषय: जादा ऑक्सिजनच्या हवेचा कोर्स निवडण्यासाठी माहिती मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, मी, खाली सही करणारा संपत बाजी खुटवड, वय ५८, धंदा शेती व विहिरीतून मोटारी काढणे, याचा आपल्या शाळेतला जादा ऑक्सिजनच्या हवेचा कोर्स करायचा विचार आहे. आपल्या पत्रकात लिहिलंय की साध्या हवेत एकवीस टक्के ऑक्सिजन असतो आणि या कोर्समध्ये बत्तीस टक्क्यांची हवा सिलेंडरात भरून पाठीवर देतात. बत्तीस हे एकवीसपेक्षा जास्त आहे एवढं मला समजलं. बाकी समजलेलं नाही, म्हणून हे पत्र.

पत्रक आमच्या घरी कसं आलं हे विचारू नये. सौ. सगुणाच्या ट्रंकेत ते लुगड्यांच्या खाली होतं आणि मी तिथं माझं आधार कार्ड शोधत होतो. आधार कार्ड माझ्या खिशातच होतं, हे नंतर लक्षात आलं. पत्रकाच्या तळाशी 'मुख्य प्रशिक्षक: र. सं. खुटवड' असं छापलं आहे. खुटवड हे आडनाव आमच्या भोर भागातही बरंच आढळतं. योगायोग म्हणायचा.

पूर्वानुभव विचारला आहे, तो असा. गेली चाळीस वर्षं मी विहिरीत बुडी मारतो आहे. नसरापूरपासून आंबवड्यापर्यंत कुठंही मोटार विहिरीत पडली की लोक मलाच बोलावतात. मोटारी तर काढल्याच, शिवाय कळश्या, एक जिवंत बोकड आणि माजी सरपंचांची कवळीही काढली. तळाच्या गाळात ती कवळी माझ्याकडं बघून हसत होती, तो प्रसंग मी अजून विसरलेलो नाही. खोली आम्ही परसात मोजतो. एक परस म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाएवढी. आपल्या पत्रकात सगळं मीटरमध्ये दिलंय, ते कृपया परसात करून पाठवावं.

यंत्रबिंत्र मी कधी वापरलं नाही. छातीत दम, कमरेला दोर आणि काठावर दोर धरणारं माणूस, एवढ्यावर माझं काम चालतं. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोर सोड, तीन म्हणजे वर ओढ. सध्या दोर धरणाऱ्या माणसाची अडचण आहे. म्हणून सिलेंडर घ्यावा असं मनात आलं.

हे सगळं फोनवर विचारलं असतं. पण माझ्या नंबरवरून आपला मोबाईल नोव्हेंबर २०२२ पासून लागत नाही. सगुणाच्या नंबरवरून लागतो, असं गोठ्यातून येणाऱ्या बोलण्याच्या आवाजावरून वाटतं. रेंजचा प्रश्न असावा.

फॉर्ममध्ये 'अचानक काही झाल्यास कोणाला कळवायचे' आणि पुढं 'नाते' असे दोन रकाने आहेत. तिथं तूर्त रेघ मारली आहे.

आपला विश्वासू,
संपत बाजी खुटवड

ता. क. इकडं सगळं ठीक आहे. आपण विचारलं नाही, पण पत्रात लिहायची पद्धत आहे.


३ फेब्रुवारी २०२५

महोदया,

आपल्या कार्यालयातल्या प्रेरणाबाईंचं पत्र मिळालं. खाली 'मुख्य प्रशिक्षकांच्या वतीने' असं आहे. म्हणजे मुख्य प्रशिक्षकांनी माझा अर्ज वाचला, असा मी अर्थ घेतो. माझा अर्थ चुकत असेल तर तसं कळवावं. कळवण्यासाठी का होईना, पत्र येईल.

प्रेरणाबाई लिहितात की जादा ऑक्सिजनच्या कोर्सआधी साधा कोर्स करावा लागतो. त्यात पोहता येतं का ते बघतात आणि दहा मिनिटं पाण्यावर तरंगायला लावतात. महोदया, मी पाच हॉर्सपॉवरची मोटार कमरेला बांधून वर आलेला माणूस आहे. मला तरंगायला लावणार? गेनूला हे सांगितलं तर तो हसून हसून काठावरच बसला. गेनू म्हणजे सध्या माझा दोर धरणारा. धरतो असं म्हणायची पद्धत आहे.

दुसरीकडंही चौकशी चालू आहे, हे आपल्या कानावर घालतो. पुण्यात एक शाळा आहे. तिथले कुमार नावाचे गृहस्थ मला रोज फोन करतात आणि अंकल म्हणतात.

"अंकल, हा कोर्स पूर्ण ऑनलाइन आहे. घरबसल्या सर्टिफिकेट."

"आन पान्यात कवा उतरायचं?"

"उतरायची गरजच नाही. तुमचा साधा कोर्स झालाय ना?"

"म्या इचारतोय, पान्यात न उतरता पानबुड्या व्हायचं? मंग आमची बनाबाईबी व्हईल की. ती आंघुळीलाबी कुरकुरती."

बनाबाई आमची शेजारीण. ती कुंपणापलीकडून हे ऐकत होती. त्या दिवसापासून आमच्याकडं ताक येणं बंद झालं आहे. थोडक्यात, पुण्याचा कोर्स मला परवडत नाही.

गोव्याच्या एका शाळेत पाण्यात दोनदा उतरवतात, वर टीशर्ट देतात आणि माशाबरोबर फोटो काढतात. मासे भाटघरच्या धरणातही आहेत. त्यांच्याबरोबर फोटो काढायची मला हौस नाही. आपल्या शाळेत बुड्या दोनच, टीशर्ट नाही, पण सिलेंडरातली हवा मोजायला शिकवतात असं पत्रकात आहे. हे मला आवडलं.

वय पंचेचाळीसच्या वर असेल तर डॉक्टरांचा दाखला लागतो म्हणून भोरला जाऊन आलो. डॉक्टर म्हणाले, "काय होतंय, संपतराव?"

"व्हत काय न्हाई. बत्तीस टक्के आक्सिजन घ्यायचाय."

डॉक्टर घाबरले. बोटाला ते चिमट्यासारखं यंत्र लावलं आणि म्हणाले, "अहो, अठ्ठ्याण्णव आहे तुमचा! बत्तीसवर कशाला आणायचा?"

मी त्यांना समजावलं की ते रक्तातलं, हे सिलेंडरातलं. मग त्यांनी रक्तदाब बघितला, कानात बॅटरी मारली, छातीला नळी लावून पुष्कळ वेळ ऐकलं आणि हळूच विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना?" या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नाही. 

दाखला मिळाला. प्रेरणाबाईंनी नमुन्याची प्रश्नपत्रिका पाठवली होती, तीही सोडवून सोबत जोडली आहे. दहापैकी दहा पडतील अशी अपेक्षा आहे.

आपला विश्वासू,
संपत बाजी खुटवड


२१ फेब्रुवारी २०२५

महोदया,

प्रश्नपत्रिका तपासून मिळाली. दहापैकी तीन. सात ठिकाणी लाल पेनानं 'चूक' असं लिहिलं आहे. मी काही उत्तरांवर हरकत घेत आहे.

प्रश्न दोन: बत्तीस टक्के हवेचा फायदा काय? मी लिहिलं, जास्त खोल जाता येतं. आपण लिहिलंत, 'चूक. जास्त वेळ राहता येतं. खोल उलट कमी जायचं. तेहतीस मीटरच्या, म्हणजे सुमारे पंधरा परसांच्या खाली ही हवा घातक.' हे मला पटलेलं नाही. चांगली गोष्ट जास्त घेतली की घातक कशी होते? पण आपण परसात करून पाठवलंत, त्याबद्दल आभारी आहे.

प्रश्न पाच: सिलेंडरातली हवा कोणी तपासायची? मी लिहिलं, दुकानदारानं. आपण लिहिलंत, 'चूक. ज्याच्या पाठीवर सिलेंडर त्यानं. स्वतः मोजायची आणि स्वतः सही करायची. दुसऱ्याच्या सांगण्यावर कधीच जायचं नाही.' यावरची हरकत विचार करून मागं घेतली.

प्रश्न सात: पाण्याखाली दम केव्हा रोखायचा? मी लिहिलं, नेहमी. आपण लिहिलंत, 'चूक. कधीच नाही.' यावर माझी जोरदार हरकत आहे. मग चाळीस वर्षं मी काय केलं?

आता अक्षराबद्दल. 'चूक' मधल्या 'क'ची शेपटी ओळीच्या खाली लांब गेलेली आहे. अशी शेपटी काढणाऱ्या एका मुलीला मी चौथीपर्यंत समोर बसवून शुद्धलेखन घालायचो. किती वेळा सांगितलं तरी तिची शेपटी आखडली नाही. कागद बघून सगुणानं तो माझ्या हातातून ओढून घेतला आणि देवघरात ठेवला. आता आमच्या घरी रोज सकाळी माझ्या सात चुकांना हळदकुंकू वाहिलं जातं.

आपण शिक्षिका आहात, म्हणून एका अडचणीबद्दल सल्ला विचारतो. अडचण माझी नाही. आमच्या वाडीत एक गृहस्थ आहेत. त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती विहिरीच्या काठावर त्यांचा दोर धरायची. वय दहा, पण असा धरायची की बाप तळाशी बिनघोर असायचा. पुढं ती समुद्रावर गेली आणि पाण्याखाली वावरायला शिकवणारी मास्तरीण झाली. असलं काम आमच्या एसटी स्टँडवर कुणाला समजावून सांगायचं? "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की गृहस्थ म्हणायचे, "पानीपुरवठ्यात हाय. सरकारी." सरकारी कधी जोडलं ते त्यांनाही आठवत नाही.

२०२२ च्या तुळशीच्या लग्नानंतर आंबवड्याचे पाहुणे तिला बघायला आले. मुलाच्या वडिलांनी पोहे खाता खाता विचारलं, "भोरला बदली मिळंल का? आमच्या गावच्या नळाचं काम लई रखडलंय, तेवढं बगा."

मुलगी म्हणाली, "कसला नळ?"

पुढचं काय सांगायचं! मुलीनं मोबाईल काढला आणि काळा रबरी पोशाख, पाठीवर सिलेंडर, शेजारी केवढा तरी मासा, असा आपला फोटो पाहुण्यांच्या हातात दिला. पाहुण्यांनी फोटो आणि पोहे दोन्ही खाली ठेवले. ते उठून निघाले. तेव्हा गृहस्थ चार माणसांत म्हणाले, "असल्या कामाची मला लाज वाटती."

दुसऱ्या दिवशी मुलीची पाण्यातल्या सामानाची बॅग घरातून नाहीशी झाली. गृहस्थांनी सांगितलं, माकडांनी नेली. मुलगी बॅगेशिवाय निघून गेली आणि तेव्हापासून गृहस्थांशी एक अक्षर बोललेली नाही. गृहस्थांचं म्हणणं असं की माकडांची शिक्षा त्यांना का?

अशा वेळी त्यांनी काय करावं, हे सवडीनं कळवावं. ते रोज पोस्टमनची वाट बघत बांधावर उभे असतात, असं त्यांच्या शेजाऱ्यांकडून समजतं.

आपला विश्वासू,
संपत बाजी खुटवड


११ मार्च २०२५

चि. रत्ना,

उत्तर आलं नाही. येणार कसं? ते गृहस्थ मीच. आमच्याकडं माकडं येतात, भोपळे नेतात, एकदा गेनूचा चष्मा नेला होता. पण बॅगा नेत नाहीत.

बॅग मी नेली. सकाळी अकराच्या सुमारास गेनूची होडी घेतली आणि धरणाच्या पाण्यात आत गेलो. म्हसोबाचा दगड आणि पलीकडच्या काठावरचा आंबा एका रेषेत आला तिथं टाकली. ती लगेच बुडाली नाही. थोडा वेळ तशीच तरंगत राहिली. मला वाटलं, हात घालून परत घ्यावी. हात वल्ह्यावर होता, तो उचलला नाही. मग बुडबुडे आले आणि ती गेली. घरी येऊन मी जेवलोसुद्धा. वर तुझ्याबरोबर माकडांना शिव्या दिल्या, हे आठवलं की आजही तोंडात घास फिरतो.

आता ज्यामुळं मला हे लिहायची बुद्धी झाली ते सांगतो. आईनं तुला सांगितलं नसेल, कारण तिलाही मी आठ दिवसांनी सांगितलं. डिसेंबरात नसरापूरजवळ एका विहिरीत मोटार काढायला उतरलो होतो. सहा परस पाणी. काठावर गेनू. मोटारीला साखळी लावली, तोवर दम संपत आला. तीन झटके दिले. दोर हलला नाही. पुन्हा तीन दिले. दोर वरून कुणीतरी खिळा ठोकल्यासारखा घट्ट. मग कमरेची गाठ सोडली आणि पाइपाला धरून कसाबसा वर आलो. काठावर पालथा पडलो तर समोर गेनूचा पाय, पायाखाली माझा दोर आणि कानाला मोबाईल.

"आरं, माज्या पोरीचा फोन आला व्हता," गेनू म्हणाला. "लई दिसांनी आला, म्हनून दोर वाईच पायाखाली धरला."

दुसरं कुठलंही कारण असतं तर मी त्याला त्याच विहिरीत ढकलला असता. पण पोरीचा फोन आला होता म्हणाल्यावर मला शिवीसुद्धा देता आली नाही. मी तिथंच बसून विचारलं, "काय म्हनत व्हती?"

तेव्हापासून मी विहिरीत उतरलेलो नाही. लोकांना सांगतो, कान दुखतोय.

तू दोर धरायचीस तेव्हा तुझं लक्ष इकडचं तिकडं होत नव्हतं. एकदा तुझ्या पायावर मुंगळा चढून चावला होता, रक्त आलं होतं, पण मी वर येईपर्यंत तू हललीस नाहीस. वर आल्यावर मग भोकांड पसरलंस. आणि अशा पोरीला मी चार माणसांत म्हणालो की लाज वाटते. रत्ना, मला लाज वाटली नव्हती. भीती वाटली होती. पाणी काय करतं ते मला माहीत आहे, आणि तिकडं तुझा दोर धरायला कोण आहे ते माहीत नव्हतं. पण बापानं पाहुण्यांसमोर भ्यालो म्हणायचं कसं? लाज म्हणणं सोपं होतं.

म्हणून मी असं ठरवलं आहे की कोर्स करायचा, सिलेंडर घेऊन त्या जागी चार परस खाली जायचं आणि तुझी बॅग काढून आणायची. बत्तीस टक्के हवा असली की शोधायला जास्त वेळ मिळेल, हे तुझ्याच लाल पेनामुळं कळलं. या कामाला कुठला कोर्स योग्य, ते मुख्य प्रशिक्षक म्हणून सांग. मुलगी म्हणून नाही सांगितलंस तरी चालेल.

आबा


२८ मार्च २०२५

चि. रत्ना,

तुझं कार्ड आलं. उघडं कार्ड पाठवलंस ते बरं केलंस की वाईट, ठरवता येत नाही. पोस्टमननं वाटेत वाचलं, बनाबाईनं त्याच्याकडून ऐकलं आणि माझ्या हातात पडायच्या आत साऱ्या वाडीला पाठ झालं होतं. 'चार परसाला साधी हवासुद्धा पुष्कळ झाली. आणि मे महिन्यात तिथं पाणीच नसतं. चालत जा.' मी रस्त्यानं निघालो की लोक म्हणतात, "काय संपतराव, चालत निगालाव?" बनाबाई तर हसून एवढी खूश झाली की ताक पुन्हा सुरू झालं.

आणि एक सांगू का, रागावू नकोस. कार्ड वाचून मी पोटभर हसलो. दोन वर्षं चार महिन्यांनी तू माझी खोड काढलीस.

धरणाचं पाणी मे महिन्यात मागं हटतं हे मला माहीत नाही असं तुला वाटलं? माझा जन्म या काठावर गेला. दर उन्हाळ्यात तिथल्या गाळात मी कलिंगडं लावतो.

तर आता शेवटचं काय ते कबूल करतो. २०२३ च्या मे महिन्यातच मी चालत गेलो होतो. बॅग गाळात रुतलेली होती. घरी आणली, धुतली आणि दाराच्या मागं खुंटीला अडकवली. तिथंच आहे; तुला मीच सांगेन म्हणून आईला बोलू दिलं नाही. पायातला एक रबरी पंख आहे, दुसरा खेकड्यांनी कुरतडला. चष्मा चांगला आहे. सगुणानं तो कांदे चिरताना लावून बघितला, उपयोग होतो म्हणाली.

त्यात तुझं ते मनगटावरचं जाड घड्याळ होतं. बंद पडलं होतं. भोरला घड्याळवाल्याकडं नेलं. त्यानं आठ दिवस उन्हात ठेवून नवा सेल घातला आणि बटणं दाबत बसला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "काका, ह्ये घड्याळ न्हाई, चुगलखोर हाय. पान्यात गेलं की आपुआप लिवून ठेवतंय." त्यानं मला शेवटची नोंद दाखवली. तारीख १३ नोव्हेंबर २०२२. वेळ सकाळचे ११ वाजून ७ मिनिटं. खोली नऊ मीटर. पाण्याखाली राहिलं ९९९ मिनिटं. त्याच्यापुढं त्याला मोजता येत नाही म्हणे.

मी ते घड्याळ हातात घेऊन स्टँडवर बसून राहिलो. भोर ते भाटघर एसटी आली आणि गेली. माकडांची गोष्ट मी तुला सांगितली, आईला सांगितली, हळूहळू मलाही खरी वाटायला लागली होती. आणि या एवढ्याशा यंत्रानं तारखेसकट सगळं लिहून ठेवलेलं. पुसून टाकता येईल का, असं मी घड्याळवाल्याला विचारलं होतं. त्यानं न्हाई म्हणून सांगितलं. बरं झालं.

मग तू म्हणशील, बॅग घरात असताना कोर्सची चौकशी कशाला? रत्ना, मला तुझ्याशी बोलायचं होतं. 'कशी आहेस' विचारायला तोंड नव्हतं. 'बत्तीस टक्के म्हणजे काय' हे विचारायला होतं. म्हणून ते विचारलं. प्रश्न सातवरची माझी हरकत मी मागं घेतो. एवढे दिवस दम रोखून बसलो होतो, आणि पार घुसमटलो.

पण विचारता विचारता कोर्स मात्र खरोखर करावासा वाटायला लागला आहे. सगळा विचार करून तुझ्या शाळेतला साधा कोर्स आणि त्यापाठोपाठ बत्तीस टक्क्यांचा, असे दोन्ही निवडले आहेत. तुमच्याकडं ज्याची हवा त्यानं स्वतः मोजायची, हे मी आजवर कधी केलं नाही. तुझ्या कामाबद्दल मी स्टँडवरच्या माणसांचं ऐकलं. तू काय करतेस ते एकदाही येऊन बघितलं नाही. ते बघायचं आहे. पुण्याच्या कुमाररावांना तसं कळवून टाकलं. ते म्हणाले, "अंकल, टीशर्टपण देतो." पण मी बधलो नाही.

नवा फॉर्म भरून पाठवतो आहे. 'अचानक काही झाल्यास कोणाला कळवायचे' तिथं या वेळी रेघ मारलेली नाही. र. सं. खुटवड असं नाव लिहिलं आहे. पुढं 'नाते' या रकान्यात 'मुख्य प्रशिक्षक' लिहिलं. तुझ्या मनाविरुद्ध काही लिहायला नको. प्रवेश द्यायचा की नाही, ते सर्वस्वी शाळेनं ठरवावं.

आबा

(खाली आईच्या अक्षरात)

रत्ना, तुजी ती प्रश्नपत्रिका ह्यांनी पाठ केली हाय. म्हशीचं दूध काढताना म्हनतात, बत्तीस टक्के, पंदरा परस. म्हस दूध चोरायला लागली. घड्याळ आनल्यापासनं ह्ये रोज त्याचा सेल बगतात. पत्रकाची ट्रंक मी मुद्दाम उघडी ठेवली व्हती, त्ये ह्यांना अजून ठाव न्हाई. आता तूच काय त्ये ठरव, पन लौकर. मला म्हशीची काळजी वाटती. आई.


१९ एप्रिल २०२५

चि. रत्ना,

सगुणाचा ट्रंकेचा कट मला पत्र पाकिटात घालतानाच वाचायला मिळाला. त्यावर घरात स्वतंत्र चर्चा झाली. मी हरलो.

तुझ्याकडून फॉर्म परत आला. पाकीट जाड होतं म्हणून मला वाटलं, नाही म्हणून लांबलचक काहीतरी लिहिलं असणार. बांधावर उघडलं नाही. घरी येऊन, हातपाय धुऊन, दार लावून उघडलं. आत प्रवेशाची चिठ्ठी होती, तारीख ५ मे. पावसाळ्यात शाळा बंद असते, उशीर करू नये, असं खाली. एवढंच. मग फॉर्म बघितला तर त्यावर लाल पेन फिरवलेलं.

एसटीचं आरक्षण करायला आज भोरला गेलो होतो. कोल्हापूरपर्यंत एक गाडी, पुढं मालवणची दुसरी. रांगेत माझ्या मागं माजी सरपंच उभे. तेच, कवळीवाले.

"कुटं चाललाव, संपतराव?"

"मालवनला. पोरीच्या शाळंत."

"ती पानीपुरवठ्यात ना? सरकारी?"

रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. खिडकीतला माणूससुद्धा. माझी जीभ सवयीनं 'व्हय' म्हणायला निघालीच होती. पण मी दम रोखला नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "पान्याखाली जायाला शिकिवती. माझी मास्तरीन हाय. मला धापैकी तीन दिले तिनं."

 सरपंच म्हणाले, "तीन? लई कडक दिसती." आणि कवळी सावरत हसले. एवढंच झालं. याच एवढ्याशा गोष्टीला मी इतकी वर्षं भ्यालो होतो.

बॅग घेऊन येतो आहे. घड्याळही आहे, चालू आहे. ती शेवटची नोंद त्यात तशीच आहे, तू बघ आणि मग काय बोलायचं ते बोल. मी ऐकून घेईन. माझा जुना दोरही आणतो आहे. सिलेंडरला दोर लागत नाही हे मला माहीत आहे, तरी आणतो. सगुणा म्हैस गेनूच्या बायकोकडं सोपवून माझ्याबरोबर येते आहे. पाण्यात उतरणार नाही, काठावर बसणार, असं तिचं म्हणणं.

आता तुझ्या लाल पेनाबद्दल. फॉर्मवर तीन ठिकाणी आहे.

पहिलं, कमरेचं माप. मी छत्तीस लिहिलं होतं. तू लिहिलंस, 'चूक. आईला विचारून बेचाळीस.' यावर माझी हरकत आहे. टेप जुनी आहे.

दुसरं, धंदा. 'शेती व विहिरीतून मोटारी काढणे' खोडून तू 'पाणबुड्या' असं लिहिलंस. यावरही हरकत घेणार होतो, कारण स्टँडवर मला या नावानं हाक मारली की राग यायचा. पण तुझ्या अक्षरात ते बरं दिसतं. राहू दे.

तिसरं, तो शेवटचा रकाना. 'मुख्य प्रशिक्षक' वर तू एवढ्या जोरात रेघ मारली आहेस की कागद फाटला आहे. शेजारी 'चूक' लिहिलंस, 'क'ची शेपटी थेट खालच्या ओळीत गेली आहे. आणि त्या शेपटीच्या टोकाला, बारीक अक्षरात, 'मुलगी'.

रत्ना, यावर हरकत नाही. चूक मान्य आहे.

तुझा आबा